उकंडरावांच्या बागेतलं चोरटं पाणी

झाडं शिकायला नागपूरला जावं लागतं, ही गोष्ट उकंडरावांना पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटत आली होती. वकिली शिकायला जावं, हे त्यांना पटत होतं, कारण खोटं बोलायलाही वळण लागतंच. डॉक्टरकीचंही एक वेळ ठीक. पण झाड? झाड बीतून निघतं, वर जातं, त्याला फळ लागतं, ते माकड खातं. यात कॉलेज कुठे बसतं? तरी त्यांचा एकुलता एक निवृत्ती हट्टाला पेटला, शेतकी कॉलेजात गेला, फळबागांचा अभ्यास केला आणि डोक्यावर चौकोनी टोपी घातलेला फोटो घेऊन घरी परतला. उकंडरावांनी तो फोटो उन्हात धरून पुढून-मागून तपासला आणि टोपी भाड्याची आहे एवढं शोधून काढलं.

तशी उकंडरावांच्या संशयाची ख्याती जळगाव जामोदपासून थेट संग्रामपूरच्या बाजारापर्यंत पोचलेली होती. कांदे घेताना ते वरचे बाजूला सारून मधला कांदा बघत. पंगतीत कोणी आग्रह केला की, "हा काऊन एवढा आग्रह करून राह्यला?" म्हणून वरणाचा वास घेत. स्वतःच्या लग्नात अंतरपाट दूर झाला, तेव्हा त्यांनी आधी मुलीकडे बघितलंच नाही; मुलीच्या मामाकडे बघितलं आणि विचारलं, "दाखवली होती ते हीच नं?" अन्नपूर्णाबाईंनी ते ऐकलं होतं, आणि संसाराला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी त्या ते विसरल्या नव्हत्या.

निवृत्तीनं नागपूरला नाव घातलं, त्याच पावसाळ्यात गाडीभर संत्र्याची कलमं आणून नाल्याकाठच्या वावरात लावली होती. गावाला तोवर संत्रं फक्त आजाऱ्याला भेटायला जाताना लागायचं. पोरानं दोरी ताणली, खुंट्या ठोकल्या आणि ओळी अशा सरळ काढल्या, की एका ओळीतलं शेवटचं झाड नेमकं शेजारच्या अर्जुनरावांच्या धुऱ्यावर जाऊन बसलं. आता धुरा म्हणजे दोन वावरांमधला हातभर बांध. त्यावर गवताशिवाय काही उगवत नाही. पण वऱ्हाडात भाऊ भावाशी बोलत नसला, तर कारण विचारू नये; धुरा असतो.

पोरगा शिकायला गेल्यावर ही झाडं अन्नपूर्णाबाईंनी वाढवली. विहिरीवर वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, कडूबा सालदार, मोट हाकायचा आणि बाई झाडाझाडाला पाणी घालत फिरायच्या, पोराला पत्रात लिहायला नको ते झाडांशी बोलायच्या. झाडं माणसाच्या डोक्याच्या वर गेली, हिरवीगार झाली, बुंधे भरले. फक्त फळ धरलं नाही. निवृत्ती पदवी घेऊन आला तरी झाडं आपली नुसती पानं घेऊन उभी.

मग एका संध्याकाळी पारावर अर्जुनरावांनी तपकीर ओढता ओढता विषय काढला. "काय उकंडराव, पोराचं झाड कवा फळीन? का फळं बी नागपूरले परीक्षा द्याले गेली?"

पार हसला. उकंडराव हसले नाहीत. एखाद्या माणसाची इज्जत उघड्यावर निघाली की त्याच्या तोंडून जे निघतं ते तोच बोलतो असं समजू नये. उकंडराव गरजले, "ऐका मंग सारे! येत्या शिवरात्रीपर्यंत बहार आला तं बाग याची. नाही आला तं झाडं तोडून कापसाची पऱ्हाटी लावीन, आन् हा मेहकरले जाईन, याच्या मामाच्या कचेरीत कारकून म्हणून. भगवंतराव मामानं जागा धरूनच ठेवली हाय!"

निवृत्ती तिथंच उभा होता. तो गयावया करेल, निदान "बाबा, थोडं थांबा" म्हणेल, अशी उकंडरावांची अपेक्षा. पण पोरगं बापाचंच. ते म्हणालं, "मंजूर." आणि घराकडे चालू लागलं.

पोरगा नागपूरला होता तेवढी वर्षं उकंडरावांनी रोज संध्याकाळी अंगणात बसून रस्त्याकडे बघत काढली होती, आणि कोणी विचारलंच तर 'ढोरं येऊन राह्यली का पाह्यतो' असं सांगितलं होतं. आता कुठे तो घरात जेवायला बसत होता, भांडत होता, ताट सरकवून उठत होता, आणि यांनी भरल्या पारावर त्याला मेहकरला धाडून दिलं होतं. पण शब्द म्हणजे शब्द. उकंडराव तसेच घरी आले आणि त्या रात्री भाकर कमी खाल्ली.

त्याच दसऱ्याला धुऱ्यावरच्या झाडाचा निकाल लागला, म्हणजे लागला नाही. अर्जुनरावांनी अर्ज केला की झाड माझ्या हद्दीत आहे. उकंडरावांनी अर्ज केला की हद्दच माझ्या हद्दीत आहे. पटवारी आला, दोन्ही घरचा चहा प्यायला, मोजणीची साखळी विसरल्याचं त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं तोंडी हुकूम दिला, "मोजणी होईपर्यंत दोन्ही पार्ट्यांनी या झाडाले हात लावू नाही. पाणी नाही, खत नाही, काही नाही. जो लावीन त्याचा दावा कच्चा." झालं! तेव्हापासून त्या झाडाच्या जवळून जाताना दोघंही हात पाठीमागे बांधून जात.

दिवाळी झाली आणि निवृत्तीनं मोट बंद केली.

"पाणी तोडतो आता," तो म्हणाला. "संक्रांतीपर्यंत एक थेंब नाही. झाडाले रोज खाऊ-पिऊ घालत राह्यलं तं ते पानंच वाढवते. तहान लागली, पानं पिवळी पडून गळाले लागली, की त्याले जिवाची भीती वाटते. मंग पाणी दिलं की अंगभर फुलते. आंबा मोहोरते तवाच हे फुलते, म्हणून आंबिया बहार. याले ताण देणं म्हणतेत, बाबा."

"म्हणजे तुले उपाशी ठेवलं असतं तं तू मॅट्रिकले पहिल्या फटक्यात पास झाला असता," उकंडराव म्हणाले. पण संशय पक्का बसला. मारल्यानं फळ येतं, हे त्यांनी कुठल्याच पोथीत ऐकलं नव्हतं.

गावाला तर पर्वणीच मिळाली. शेजारची गोजरबाई काठी टेकत आली. ही बाई गावातल्या प्रत्येक घरच्या आजारावर औषध सांगायची, आणि आजार नसेल तर आधी आजार सांगायची. "माय व अन्नपूर्णा, कलियुग आलं म्हणतेत ते हेच! पोटुशा झाडाले तहानलं ठेवतेत का? त्याच्यापेक्षा फाटका जोडा बांध फांदीले, दृष्ट काढ. नाही तं झाडाचं विहिरीसंग लग्न लावून दे." अन्नपूर्णाबाईंनी पदर डोळ्याला लावला. अर्जुनरावांचं मत जरा राजकीय होतं. ते पारावर म्हणाले, "नागपूरकडचे बागाईतदार बदमाश हायेत. वऱ्हाडात संत्रा झाला तं त्यायचा कोण घेईन? म्हणून आपल्या पोट्ट्यायले उलटं शिकवून धाडतेत." हे मात्र उकंडरावांना ऐकताक्षणी पटलं. शत्रूचं असलं म्हणून काय झालं, संशय चांगल्या प्रतीचा होता.

मार्गशीर्ष लागला. काळ्या मातीला भेगा पडल्या. झाडांच्या पानांच्या कडा आत वळायला लागल्या. उकंडराव रोज वावरात जाऊन एकेका झाडासमोर उभे राहत. झाड मेलं की पोरगं मेहकरला गेलं, हा हिशेब त्यांच्या डोक्यातून हलेना. निवृत्ती म्हणतो पिवळं पडलं पाहिजे. पण पिवळं पडलेलं झाड पुन्हा उठल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि जे स्वतः पाहिलं नाही ते त्यांनी कधी मानलं नव्हतं.

शेवटी एका दुपारी निवृत्ती भाकर खायला घरी गेला होता, कडूबा लिंबाखाली घोरत होता, तेव्हा उकंडराव विहिरीत उतरले. पायऱ्या उतरून घागर भरली, दम खात वर आणली, आणि विहिरीजवळच्या ओळीत पहिल्या झाडाच्या बुंध्याशी ओतली. माती घटाघटा प्यायली. उकंडरावांचे डोळे भरून आले. "पे, माह्या राजा," ते हळूच म्हणाले. "पण कोणाले सांगू नोको."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मग रोजचंच झालं. सगळ्या बागेला पाणी घालणं त्यांच्या गुडघ्यांच्या ताकदीबाहेरचं होतं, म्हणून त्यांनी विहिरीजवळची ओळच धरली. निदान एवढी जगली, तर पारावर दाखवायला तोंड राहील आणि पोरगं राहील, असा त्यांचा विचार. बापानं असा चोरून पाणी घालायचा प्रसंग दुसऱ्या कोणा बापावर न येवो.

आणि काय नवल! झाडं टवटवीत झाली. वळलेली पानं उलगडली. नुसती विहिरीजवळचीच नव्हे, सगळी बाग डोलायला लागली. उकंडराव खूश झाले. पोराच्या विद्येत काहीतरी आहे बुवा, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

पण बाग जसजशी हिरवी होत होती, तसतसा निवृत्ती वाळत चालला. तो झाडाखाली बसून एकेक पान उलटंपालटं करी, फांदी हलवून बघी, उसासा टाकी. एकदा रात्री जेवताना म्हणाला, "माय, पानं काऊन गळून नाही राह्यली काही समजत नाही."

उकंडरावांचा घास हातातच राहिला. झाडं हिरवी आहेत म्हणून पोरगा दुःखी? म्हणजे याला झाडं मेलेलीच पाहिजेत! म्हणजे याला मेहकरला जायचंच आहे! तिकडे पंखा असेल, खुर्ची असेल, बापाची कटकट नसेल. दुसऱ्या दिवशी दुपारी उकंडरावांनी दोन घागरी जास्त ओतल्या. जातो म्हणणाऱ्या पोराला जाऊ द्यायचं नाही, मग त्याला आवडो न आवडो.

पौषात एका सकाळी निवृत्ती वावरातून तणतणत आला. हातात ओल्या मातीचा गोळा. "बाबा, कोणीतरी बागेत पाणी घालून राह्यलं! वरून कोरडं दिसते, बुंध्याशी हात घातला तं चिखल! म्हणून ताण बसत नाही. कोण हाय हा?"

"कोणत्या ओळीत?" उकंडरावांनी सावधपणे विचारलं.

"नाल्याकडच्या! आन् मधल्या! आन् विहिरीपाशी तं दलदलच हाय."

विहिरीजवळचं ठीक आहे, त्याचा मालक तिथंच उभा होता. पण नाल्याकडे? मधल्या ओळीत? उकंडरावांनी तिकडे थेंब टाकला नव्हता. म्हणजे आपल्या बागेत आणखी कोणी पाणी घालतोय! कोण? कशाला? आपल्याला न सांगता? स्वतः रोज करत असलेली गोष्ट दुसराही करतो म्हटल्यावर त्यांना तो सरळसरळ गुन्हा वाटायला लागला.

"तुमी तं नाही नं, बाबा?" निवृत्तीनं विचारलं.

"म्या?" चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. उकंडराव इतक्या मोठ्यानं ओरडले, की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. "माह्यावर संशय? बापावर? हा अर्जुनराव हाय! तुह्या बहाराचा सत्यानास करून झाड लुटायचा डाव हाय त्याचा. चाल, आता सोडत नाही. ठाण्यात रपोट देतो!"

निवृत्ती "राहू द्या" म्हणाला, अन्नपूर्णाबाई तर घाबऱ्याघुबऱ्या होऊन "काही नोको बाई ठाणंगिणं" म्हणाल्या. पण संशय आपल्यावरून हटवायचा असेल तर तो दुसऱ्यावर सरकारदरबारी नोंदवावा, हा शहाणपणा उकंडरावांना त्या क्षणी सुचला होता. त्यांनी दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, जुंपली आणि जळगाव जामोदचं ठाणं गाठलं.

जमादार मिशीला तेल लावत बसला होता. "क्या गया?" त्यानं विचारलं.

"गेलं काही नाही. आलं."

"क्या आया?"

"पाणी. माह्या वावरात कोणीतरी चोरून पाणी आणून टाकते."

जमादारानं मिशी सोडली. "कोणाचं पाणी?"

"माह्याच विहिरीचं."

"तुमच्याच विहिरीचं पाणी तुमच्याच झाडाले. आन् झाडं?"

"हिरवीगार झाली, जमादारसाहेब. वाट लागली पार!"

जमादार म्हणाला, "मालक, पाणी चोरल्याचं कलम हाय. पाणी टाकल्याचं सरकारनं अजून काढलं नाही. तुमी पटवाऱ्याकडं जा."

पटवारी म्हणाला, "पाणी जमिनीत मुरलं का? मुरलं तरी हे माह्याकडं येत नाही. माणूस वावरात घुसला म्हणजे पोलीस." परत ठाणं. जमादार म्हणाला, "घुसला हे कोण पाह्यलं?" परत पटवारी. पटवारी जेवायला गेलेला. उकंडरावांचा जीव मेटाकुटीला आला. घरी जाऊन निजावं असं त्यांना फार वाटलं, पण गाडीच्या मागे गावातली दोन माणसं चालत आली होती आणि ती सगळं बघत होती. तेव्हा त्यांनी ठाण्याच्या ओट्यावर बसून जाहीर केलं, की न्याय मिळाल्याशिवाय उठणार नाही. आ बैल मला मार म्हणतात, ते याहून वेगळं काय असतं!

जमादारालाही ते दिवस मोकळेच होते. आणि माणूस मूळचा ढोरचोरांचा माग काढण्यात वाकबगार. बैल कुठून कुठे गेला हे तो मातीवरून सांगायचा. "चला," तो म्हणाला, "माती काय म्हणते पाहू."

दुसऱ्या दिवशी वावरात जत्रा जमली. अर्जुनराव आले, गोजरबाई आली, पंच म्हणून दोन म्हातारे आले. जमादार विहिरीजवळच्या ओळीत उकिडवा बसला. वाळलेल्या चिखलात पावलं उठली होती, अगदी स्वच्छ.

"जोडे," जमादार म्हणाला. "जड माणूस. गुडघ्यानं अधू, डावा पाय घासत चालते. डाव्या टाचेचा नाल अर्धा तुटेल हाय."

उकंडराव हळूच खाली बसले आणि त्यांनी पाय धोतराखाली घेतले.

"असा नाल कोणाचा हाय गावात?" जमादारानं विचारलं.

"आमच्या मालकाचाच तं..." कडूबा उत्साहानं बोलला आणि मग त्यानं दोन्ही हात तोंडावर दाबले.

सगळ्यांच्या माना वळल्या. निवृत्तीची सगळ्यात शेवटी वळली. उकंडरावांना वाटलं, धरणीनं आता पोटात घ्यावं. एवढ्या भेगा आहेत, एखादी तरी रुंद व्हावी. पण जमादार पुढे सरकला होता.

"मधली ओळ. बाईमाणूस, अनवाणी. दुसऱ्या बोटाशी जोडव्याची खूण." अन्नपूर्णाबाईंनी पाय लुगड्यात ओढून घेतले आणि ढसढसा रडायला लागल्या. "माह्या हातानं वाढेल झाडं हो! तहानलेलं लेकरू डोयानं पाहू कशी? आन् झाडं मेली तं हे पोराले धाडतीन मेहकरले."

"ही काठीची टोकं?" जमादारानं पुढे विचारलं. गोजरबाई काठी पाठीमागे लपवत म्हणाली, "मी तं देवाची फुलं वेचाले आली होती." देवाची फुलं वेचायला ही बाई तांब्या भरून यायची, एवढं निष्पन्न झालं. कडूबाला विचारायच्या आधीच तो म्हणाला, "मालक, झाडं वाळली तं नाव सालदारावरच आलं असतं. म्या झोपेचं सोंग घेत होतो. तुमी गेले की मी घालत होतो."

राहिली नाल्याकडची ओळ. तिथली पावलं धुऱ्याच्या पलीकडून येत होती. जमादारानं अर्जुनरावांकडे बघितलं. अर्जुनरावांनी सातपुड्याकडे बघितलं.

"पाह्यलं? पाह्यलं?" उकंडराव उसळून उभे राहिले. "म्या म्हणलं नव्हतं? बहार बुडवाले आला होता!"

"मले काय मालूम बहार बुडते म्हणून?" अर्जुनराव भडकले. "झाडं मरून राह्यली होती, तं घातलं पाणी. गावात एक पोट्टं झाडाचं शिकून आलं. तेबी मेहकरले टेबल पुसाले धाडून देता का? तुमाले लाज नाही, मले हाय!"

शत्रूनं असं काही बोलायचं नसतं. उकंडरावांनी अर्जुनरावांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, यात काही डाव दिसतो का म्हणून. दिसला नाही, त्यामुळे ते जास्तच घाबरले.

जमादारानं पागोटं काढून डोकं पुसलं. "गुन्हा करणारे एवढे सारे. फिर्यादी त्यायच्यातलाच एक. नुकसान काय, तं झाडं ताजीतवानी. मी लिहू काय, कपाळ?" आणि तो चहा न घेता निघून गेला. जमादार चहा न घेता गेल्याचं गावात आजही सांगतात.

निवृत्ती रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "आता बहार नाही येत. पानं येतीन." आणि घरी जाऊन ट्रंक झाडायला लागला.

पुढचे दिवस उकंडरावांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. संक्रांतीच्या सुमाराला मावठा पडला. हिवाळ्यातला तो अवेळचा पाऊस सगळ्या शिवारावर सारखाच झाला, आणि बागेला आणखी पानं फुटली. निवृत्ती वावराकडे फिरकेना. लाजेनं उकंडरावही जाईनात. ते रोज संध्याकाळी पारावर जाऊन बसत, अशा आशेनं, की कोणीतरी म्हणेल, 'जाऊ द्या, उकंडराव, रागाच्या भरात बोलून गेले, पोराले राहू द्या.' एकानं जरी म्हटलं असतं, तरी त्यांनी आढेवेढे घेऊन ऐकलं असतं. पण उकंडराव म्हणजे शब्दाचा पक्का माणूस, त्याला शब्द मोड असं कोणी सांगावं? सगळे आदरानं गप्प बसले. त्या आदरानं उकंडरावांच्या जिवाचं पाणी पाणी झालं.

शिवरात्र झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दमणी दारात लागली. निवृत्तीनं ट्रंक चढवली. अन्नपूर्णाबाईंनी पाचव्यांदा भाकरी बांधल्या. गोजरबाईला संग्रामपूरला भाचीकडे जायचं होतं, ती जळगावपर्यंत म्हणून गाडीत चढून बसली होती आणि रडत होती. उकंडराव कासरा धरून बसले. बोलायचं बरंच होतं. ते म्हणाले, "मेहकरचं पाणी जड हाय. उकळून पेजो."

"हाव," निवृत्ती म्हणाला.

गाडी गावाबाहेर पडली, नाल्याकडे वळली, आणि गोजरबाई रडायची थांबली. तिनं नाक वर केलं. "कोणाच्या घरी अत्तर सांडलं व माय?"

निवृत्तीनं एकदम मान उचलली. पुढच्या क्षणी त्यानं चालत्या गाडीतून उडी टाकली आणि काट्याकुट्यातून वावराकडे पळाला. उकंडराव कासरा टाकून मागोमाग, डावा पाय घासत.

सगळी बाग हिरवी, मख्ख उभी होती. आणि पलीकडच्या टोकाला, धुऱ्यावर, ते एकच झाड पांढरं झालं होतं. पानं अर्धी गळून गेलेली, आणि फांदीफांदीवर फुलंच फुलं. मधमाश्या घोंघावत होत्या. पटवाऱ्याच्या हुकुमाला भिऊन ज्याला कोणी हात लावला नव्हता, पाणी पाजलं नव्हतं, दृष्टसुद्धा काढली नव्हती, ते झाड दिवाळीपासून तहानलं राहिलं, मावठ्यात न्हालं आणि पोरानं सांगितलं होतं अगदी तसं अंगभर फुललं होतं.

निवृत्ती झाडाला हात न लावता उभा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "आंबिया, बाबा," तो म्हणाला. "हा आंबिया बहार."

उकंडरावांनी झाडाभोवती एक फेरी मारली. फुलाचा वास घेतला. फुलं खरी होती. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "बहार आला. ट्रंक उतरव."

"थांबा!" पलीकडून अर्जुनराव पऱ्हाटीतून वाट काढत आले. "बहार आला, पण झाड माहं हाय. मोजणी होऊ द्या."

झालं! एवढ्या वर्षांत या वाक्यावर उकंडरावांनी जोडा काढला नाही असं घडलं नव्हतं. विहिरीवरून कडूबा मध्ये पडायला धावला. पण उकंडराव शांतपणे म्हणाले, "हाव. झाड तुहंच हाय."

अर्जुनराव दोन पावलं मागे सरले. "का... काऊन?"

"तुह्या झाडाले बहार आणते पोट्टं, तं माह्या झाडायले नाही आणणार का? हा माहा पोरगा हाय. हा कोठी जात नाही. घरी राहीन." शेवटचं बोलताना त्यांचा आवाज फुटला, आणि तो लपवायला त्यांनी रस्त्यावरच्या बैलाला उगाच एक शिवी दिली. निवृत्ती बापापाठोपाठ गाडीकडे गेला. मग दोघांनी मिळून ट्रंक उतरवली. गोजरबाईला जळगावला कोणी पोचवलंच नाही, ती दिवसभर गाडीत बसून ओरडत होती.

अर्जुनरावांना मात्र त्या रात्री झोप लागली नाही. मागितल्याबरोबर झाड दिलं, यात उकंडरावाचा काय डाव असावा, हे त्यांना उमगेना.

पुढच्या दिवाळीला निवृत्तीनं पुन्हा मोट बंद केली. त्याच दिवशी उकंडराव पागोटं बांधून अर्जुनरावांच्या ओसरीवर गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बराच वेळ घसा खाकरून त्यांनी विचारलं, "अर्जुनराव, माहं एक काम करशीन?"

"काय?"

"माह्या साऱ्या बागेवर दावा सांग."

अर्जुनरावांची तपकीर चिमटीतच राहिली.

"पटवाऱ्याले अर्ज दे, का सारी झाडं माही हायेत. मी बी देतो. मंग तो हुकूम काढीन, मोजणीपर्यंत कोणी हात लावू नाही. पोट्ट्यानं सांगून मी थांबत नाही, अर्जुनराव. बुढीबी थांबत नाही. तूबी थांबत नाही. सरकारचा हुकूम असला तं थांबू."

अर्जुनरावांनी तपकीर ओढली, डोळे मिटून घेतले, मग म्हणाले, "देतो अर्ज."

उकंडराव समाधानानं उठले, पायरीपर्यंत गेले, आणि तिथून परत आले.

"पण दिवाळी ते संक्रांत," बोट रोखून ते म्हणाले. "त्याच्या वर एक दिवस नाही. मी तुले वळखून हाय."